वाढदिवसाला बाउन्सी भाड्याने घेताय? पुण्यातला आमचा अनुभव आणि खरा खर्च

आधी स्टार सांगते, ५ पैकी ४. बाउन्सी म्हणजे हवा भरून फुगवलेला तो मोठा किल्ला किंवा मिकी माऊस, ज्याच्या आत मुलं उड्या मारतात. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढंच की घ्या, मुलं आनंदाने वेडी होतात, पण फोनवर सांगितलेल्या आकड्यावर बजेट बांधू नका आणि मोठ्या साइजच्या मागे लागू नका. छोटा बाउन्सी घ्या आणि वाचलेल्या पैशात त्याच्याजवळ थांबणारा एक माणूस जास्तीचा मागा. हे मी अगदी मनापासून सांगतेय कारण आमची पार्टी ज्याच्यामुळे छान झाली तो मिकी माऊस नव्हता, त्याच्या दारात बसलेला पोरगा होता.

तर लेकीचा पाचवा वाढदिवस, मे महिना, रविवार, सोसायटीचं आवार. सिंहगड रोडच्या बाजूला मंडप डेकोरेशनचं काम करणारे एक दादा आहेत, मिकी माऊस, घसरगुंडी, बलून शूटिंग, पॉपकॉर्न मशीन असं सगळं भाड्याने देतात, त्यांच्याकडून घेतलं. चौकशी बऱ्याच ठिकाणी केली होती. १० बाय १० फुटांचा साधा मिकी माऊस अडीच ते साडेतीन हजार, घसरगुंडीवाला कॉम्बो पाच-साडेसहा हजार, आणि ती मोठी उंच स्लाइड आठ-दहा हजार, साधारण असे भाव मिळाले. आमच्या दादांनी फोनवर २८०० सांगितले, एकदम बजेटात.

पण हे २८०० म्हणजे फक्त बाउन्सीचं भाडं. छोटा हत्ती टेम्पो जाऊन-येऊन ८०० वेगळे. रविवार म्हणून ३०० वर. जास्तीचा माणूस ५००, तो आम्हीच मागितला. म्हणजे दादांचे झाले ४४००, मग सोसायटीने कॉमन लाईट वापरायचे ५०० लावले, ४९००. शेवटी पोरांना चहापाण्याला २०० दिले, ५१००. शिवाय २००० डिपॉझिट आधी द्यावं लागलं, ते त्याच रात्री जीपे केलं त्यांनी परत, त्यात काही कटकट नाही. यात फसवलं असं मी अजिबात म्हणणार नाही, विचारलं तेव्हा प्रत्येक गोष्ट सरळ सांगितली त्यांनी, पण आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही हेही तितकंच खरं, आणि ज्याने फोनवर २८०० ऐकून घरी ३००० चं बजेट सांगितलंय त्याच्या घरी मग संध्याकाळी चेहरे पडतात. म्हणून पहिल्या फोनलाच विचारा, टेम्पो, माणूस, रविवार सगळं धरून माझ्या गेटवर किती? कंपनीच्या फॅमिली डे वगैरेला घेणार असाल आणि पक्कं बिल हवं असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी येतो तोही आधीच धरा.

आता साइजचं. आमच्याकडे २४ मुलं येणार होती आणि प्रत्येक जण सांगत होता की एवढ्या मुलांना १० बाय १० पुरणार नाही, मोठा घ्या. मी बसून हिशोब केला. १० बाय १० मध्ये चार-सहा वर्षांची सहा मुलं एका वेळी आरामात उड्या मारतात. सहाची एक बॅच, पाच मिनिटं, म्हणजे चार बॅचमध्ये २० मिनिटांत सगळ्यांचा नंबर लागून जातो. चपला काढा-घालात पाच मिनिटं गेली तरी २५. केक आणि जेवण सोडून दीड तास धरला तर प्रत्येकाला तीन-चार वेळा आत जायला मिळतं, आणि पाच मिनिटं सलग उड्या मारून बघा कधी, मुलं स्वतःच लालबुंद होऊन बाहेर येतात पाणी प्यायला. मोठ्या बाउन्सीत काय होतं की एकदम १२-१५ जण घुसतात, त्यात दहा वर्षांचा दादा आणि तीन वर्षांची ताई एकत्र, आणि तिथेच डोकं डोक्यावर आपटतं, हात पायाखाली येतो. वय बघून बॅच करायची हे छोट्या बाउन्सीत आपोआप जमतं. आमची मोठी मुलं, म्हणजे सोसायटीतली आठ-दहा वर्षांची गँग, त्यांची वेगळी बॅच केली आणि अर्ध्या तासात तीही खूश.

तासांचा विषय नीट बोलून घ्या. सगळे चार तास म्हणतात, पण ते चार तास टेम्पो गेटवर आला तेव्हापासून की हवा भरून झाल्यापासून? लावायला अर्धा-पाऊण तास जातो आणि गुंडाळायला जवळपास तेवढाच, म्हणजे हिशोब टेम्पोपासून धरला तर मुलांच्या वाट्याला अडीच तासच उरले. आमच्या दादांचं हवा भरल्यापासून चार तास होतं, पुढे तासाला ५०० जादा. वेळ आम्ही साडेपाचची ठेवली आणि प्लीज मे महिन्यात दुपारची ठेवूच नका, ते पीव्हीसीचं कापड उन्हात इतकं तापतं की मुलांच्या तळव्यांना चटके बसतात, सावली आल्यावरच सुरू करा. पायात मोजे असले की उत्तमच.

लाईटबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण यावर कोणी बोलतच नाही. बाउन्सी एकदा फुगवला की झालं असं नसतं, शिवणीतून हवा सतत बाहेर जात असते म्हणून मागचा ब्लोअर, म्हणजे हवा भरणारा विजेचा पंखा, पार्टी संपेपर्यंत चालूच ठेवावा लागतो. आमच्याला दीड एचपीचा ब्लोअर होता, म्हणजे साधारण १.१ किलोवॅट, चार तासांत साडेचार युनिट. युनिटला १५ रुपये धरले तरी ७० रुपयांच्या आत खेळ. त्यामुळे सोसायटीने ५०० मागितले तेव्हा मी हा हिशोब सेक्रेटरी काकांना कागदावर दाखवला, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले ताई ठराव झालाय, पुढच्या मीटिंगला मांडा. मांडणार आहे. वर्षाला किती वाढदिवस होतात सोसायटीत, सगळ्यांचाच प्रश्न आहे.

पॉइंट मात्र चांगला लागतो. घरातली टीव्हीची एक्स्टेंशन चालत नाही, वायर गरम होते. १६ अँपियरचं सॉकेट आणि जाड वायर, आणि ती वायर मुलांच्या रस्त्यातून न्यायची नाही. आमच्याकडे पार्किंगमधल्या पॉइंटवरून घेतली आणि ज्या ठिकाणी ती फरशीवरून जात होती तिथे दादांच्या माणसाने पायपुसणं टाकून वर चिकटपट्टी मारली, न सांगता. आणि लाईट गेली तर? पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे आपल्याला पाठ आहे, त्यामुळे त्या दिवशी पार्टी असेल तर आधी विचारपूस करा, पण लाईट रविवारीही जाऊ शकते. आमच्या सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्याचे दिवे चालवतो. वेगळा जनरेटर भाड्याने घ्यायचा तर डिझेलसकट अडीच-तीन हजार सांगत होते, म्हणजे बाउन्सीएवढेच. तो आम्ही नाही घेतला, त्याऐवजी ठरवलं की ब्लोअरचा आवाज बंद झाला की पहिलं काम मुलं बाहेर काढायची, बाकी काही बघायचं नाही. कारण बाउन्सी बघता बघता खाली बसतो आणि भिंती आतल्या बाजूला पडतात.

दुसरी तेवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बांधणं. हल्लीच्या सोसायट्यांत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, त्यात खुंटी ठोकता येत नाही. मग बरेच जण काय करतात, दोन दोऱ्या झाडाला आणि खांबाला बांधून मोकळे होतात, किंवा बांधतच नाहीत, "ताई एवढं वजन आहे, कुठे जातंय?" जातं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात डेव्हनपोर्ट गावात एका प्राथमिक शाळेत वाऱ्याने बाउन्सी उचलला गेला आणि ६ मुलं गेली. आमच्या घरातल्या एकाने ही बातमी वाचलेली होती आणि त्यामुळेच आम्ही या बाबतीत अडून बसलो. ब्रिटनमध्ये नियम आहे की कमीत कमी ६ ठिकाणी बांधलेलंच पाहिजे आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की बंद. आपल्याकडे मे महिन्यात वळवाच्या आधी जो धुळीचा वारा सुटतो तो कधी येईल सांगता येत नाही, दहा मिनिटांपूर्वी पान हलत नसतं. म्हणून मी दादांना फोनवरच सांगितलं होतं की पेव्हर ब्लॉक आहेत, काय करणार? त्यांनी वाळूच्या गोण्या आणल्या टेम्पोत, सगळ्या कड्यांना दोर घालून गोण्यांना बांधलं, एकही कडी मोकळी सोडली नाही. गोण्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. त्यांच्या चार स्टारांतले दोन स्टार माझ्याकडून इथेच.

आणि आता तो माणूस. दादांनी दोघं पाठवले, एक मोठा जो ब्लोअर आणि दोऱ्या बघत होता आणि एक अगदी विशीतला, बीडकडचा, दिवसा कॉलेज आणि सुट्टीला हे काम. हा पोरगा दाराशी गुडघ्यावर बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात हात घालून बघायचा, काय काय निघालं, चिंचेची गोळी, क्लिप, गाडी, एकाच्या खिशात अख्खी पेन्सिल टोक काढलेली. चष्मे काढून आयांच्या हातात द्यायचा. सहा आत गेले की आडवा हात. एक मुलगी घाबरून आत जायचीच नाही, तिला त्याने सगळ्यांत शेवटी, एकटीला, मोकळ्या बाउन्सीत सोडलं आणि बाहेरून एक-दोन-तीन म्हणत राहिला. तिची आई माझ्याशेजारी उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. ५०० रुपयांत हे मिळालं. डेकोरेशनच्या फुग्यांच्या कमानीला मी ३५०० दिले होते, ती दोन तासांत फुटायला लागली. पुढच्या वेळी कमान छोटी, माणसं दोन, हे पक्कं.

एक स्टार का कापला ते सांगते. व्हॉट्सअॅपवर जो फोटो आला होता तो गुलाबी किल्ला होता, नवाकोरा, मागे हिरवळ. आला तो वेगळाच, रंग उडालेला मिकी माऊस आणि त्याचा डावा कान भरतच नव्हता, लोंबत होता. लेकीने विचारलं याला काय झालं, आणि मोठ्या माणसाने तिला खरं सांगितलं की शिवण उसवलीये बाळा, पुढच्या आठवड्यात शिवणार आहे. मुलांना काही फरक पडला नाही पण मला पडला, कारण तिने आठवडाभर तो गुलाबी फोटो सगळ्यांना दाखवला होता. फोटो नेटवरचा पाठवू नका ओ, तुमच्या गोडाऊनमधला पाठवा, जुना असला तरी चालेल. बाजूची एक जाळीही फाटलेली होती, ती त्यांनी सुतळीने शिवली तिथल्या तिथे, मी हात लावून खात्री केली. स्वच्छतेचंही तसंच. आदल्या रात्री कुठेतरी लग्नात लागला असणार, आत कोपऱ्यात कुरकुऱ्याचा चुरा आणि चिकट डाग. सांगितल्यावर ओल्या फडक्याने आणि डेटॉलने पुसून दिलं पण हे सांगायची वेळ यायला नको, छोटी मुलं तोंडावर पडतात त्यावर.

मॉलमधल्या प्ले एरियाशी तुलना करायची तर तिथे आम्हाला माणशी ५०० च्या आसपास सांगितले होते, तेही तासाभराचे, म्हणजे २४ मुलांचे १२ हजार, जेवण सोडून. एसी मिळतो हे खरं, आणि पावसाळ्यातला वाढदिवस असेल तर मी पण तिकडेच जाईन, कारण ओलं पीव्हीसी घसरतं आणि उघड्यावर विजेचा ब्लोअर चालवणं नकोच. क्लबहाउसमध्ये लावायचा विचार असेल तर आधी छताची उंची मोजा, मिकी माऊसचं डोकं १०-१२ फुटांपर्यंत जातं आणि बंद हॉलमध्ये ब्लोअरचा आवाज इतका घुमतो की हॅपी बर्थडे पण ऐकू येत नाही. तारखांचं म्हणाल तर १४ नोव्हेंबरला शाळा बुक करतात, २५ आणि ३१ डिसेंबरला भाव चढतात, लग्नाच्या मुहूर्तांना बाउन्सी शिल्लकच नसतो. मंगळवार-बुधवार जमत असेल तर घासाघीस करायला चांगला वाव आहे, आमचे रविवारचे ३०० तिथेच वाचले असते. आणि ॲडव्हान्स देण्याआधी विचारा की पाऊस आला तर? आमच्या दादांनी पैसे परत नाही पण तारीख पुढे ढकलून देऊ असं सांगितलं, ते मी मेसेजवर लिहून घेतलं.

डिसेंबरमध्ये भाचीच्या वाढदिवसाला वहिनीने विचारलं तेव्हा मी याच दादांचा नंबर दिला. तिला गेटवरचा एकच आकडा ४६०० आलाय, टेम्पो आणि दोन माणसं धरून. तिने बाउन्सीचा फोटो मागितला तर दादांनी गोडाऊनमध्ये हवा भरून व्हिडिओ पाठवला, दोन्ही कान उभे आहेत.