पॉवर टूल्सच्या कपाटांना इलेक्ट्रॉनिक लॉक: पावसाळा अन् दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

दुकान आपलं नाशकात, द्वारका भागात, पॉवर टूल्सचं. गिऱ्हाईक म्हणजे अंबड-सातपूरचे फॅब्रिकेशनवाले, फर्निचरवाले मिस्त्री, आणि दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षवाले, त्यांना मांडवाच्या अँगलसाठी ग्राइंडर, ड्रिल लागतातच. आधी सगळा माल काउंटरच्या मागे असायचा, मग ओपन डिस्प्ले केला कारण मशीन हातात घेतल्याशिवाय मिस्त्री पैसे काढत नाही, आणि तिथूनच माल गायब व्हायला लागला.

जातं काय ते आधी नीट बघा. रोटरी हॅमर कोणी काखेत मारून नेत नाही. जाते ती १८ व्होल्टची बॅटरी! जॅकेटच्या खिशात बसते, ५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) घेतली तर किंमत बऱ्याचदा नुसत्या ड्रिलच्या बॉडीच्या, म्हणजे बॅटरीशिवायच्या मशीनच्या आसपास, आणि त्या कंपनीच्या १८ व्होल्टच्या बहुतेक मशीनला तीच बसते म्हणून बाहेर लगेच खपते. म्हणून माझं मत असं की लॉकचा खर्च बॅटरीच्या कपाटापासून सुरू करायचा, मशीन नंतर.

लॉक दोन प्रकारचं मिळतं. एक मॅग्नेटवालं, १२ व्होल्टचं, २८० किलोची पकड वगैरे लिहिलेलं असतं, पण ते लाईट असेपर्यंतच धरतं, लाईट गेली की दार मोकळं. मुद्दाम तसंच बनवतात, आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून, त्यामुळे ते माणसांच्या दाराला ठीक. कपाटाला सोलेनॉइडचं (तारेची कॉइल, करंट दिला की कडी खेचते) बोल्टवालं घ्या, करंट दिला तरच उघडतं, लाईट गेली तरी बंदच राहतं. आम्ही तेच लावलं, सोबत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बॅकअपला, आणि हाताने उघडायची चावी मालकाकडे.

सुरुवातीला त्रास झाला तो वायरिंगचा. दूरच्या कपाटाचं लॉक नुसतं टकटक करायचं, उघडायचं नाही, कारण बारीक वायर लांब ओढलेली आणि सोलेनॉइड खेचताना करंट एकदम जास्त लागतो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं. वायर जाड टाकली, पॉवर सप्लाय मोठा घेतला, बंद झालं. दुसरं म्हणजे लॉक सुटलं की कंट्रोलर (सगळी लॉक चालवणारा सर्किट बोर्ड) आपोआप रिसेट व्हायचा. अंबडचे एक इलेक्ट्रिशियन काका आले, प्रत्येक कॉइलला एकेक १एन४००७ डायोड उलटा जोडून दिला, दोन-पाच रुपयाची वस्तू, तेव्हापासून एकदाही रिसेट नाही. कॉइल बंद होताना उलटं व्होल्टेज मारते ते हा डायोड गिळतो. लॉक लावणाऱ्याने हे स्वतःहून करायला पाहिजे होतं, तुम्ही लावून घेताना आधीच विचारा. आणि कॉइलला काही सेकंदच करंट द्या, जास्त वेळ दिला तर तापून जळते.

ही कपाटं कार्ड दाखवून उघडतात, त्या कार्डाचं पण सांगतो. स्वस्तातली १२५ किलोहर्ट्झची कार्डं घेऊ नका, त्यांची कॉपी करायचं मशीन साध्या चावीवाल्याकडेही असतं. आम्ही १३.५६ मेगाहर्ट्झची घेतली, त्यातही मायफेअर क्लासिक नावाच्या जुन्या कार्डाचं कोडिंग २००८ मध्येच फुटलंय, म्हणून डेसफायर नावाची जास्त सुरक्षित कार्डं, आणि वर पिन. प्रत्येक पोराचं कार्ड वेगळं.

आणि इथेच मला या सिस्टीमचा खरा फायदा दिसला. दिवाळीच्या गर्दीत मोजणीत एक बॅटरी कमी भरली, आणि दुकानात अशा वेळी सगळ्यांच्या नजरा नव्या पोराकडे वळतात, वळल्याच. लॉग, म्हणजे कुठल्या कार्डाने कुठलं कपाट कधी उघडलं त्याची सिस्टीममधली नोंद, काढला तर त्या दिवशी त्याच्या कार्डाने ते कपाट उघडलेलंच नव्हतं, उघडलं होतं सिनियर सेल्समनने, डेमोसाठी. फोन केला तर बॅटरी सातपूरच्या पार्टीकडे डेमो मशीनलाच लागलेली, संध्याकाळी परत आली. त्या पोराला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि माझ्यासाठी सगळ्या लॉकचे पैसे तिथेच वसूल झाले. चोर पकडण्याइतकंच आपल्या माणसावरचा आळ टळणं महत्त्वाचं आहे हो.

मशीन हातात घेता यावी म्हणून एकेक पीस अलार्मच्या केबलवर बाहेर ठेवलाय, केबल कापली किंवा उपटली की भोंगा वाजतो. त्याला जुनी डेड बॅटरी (फुगलेली नको!) स्क्रूने फिट केलीये, म्हणजे वजन खरं लागतं आणि चोराच्या कामाचं काही नसतं.

लोक विचारतात मशीनमध्येच लॉक का नाही. अमेरिकेत होम डेपो या हार्डवेअर दुकानांच्या मोठ्या साखळीने २०२१ ला तसं आणलं, काउंटरवर बिल झालं की ब्लूटूथने मशीन चालू होते, लोव्ज या तशाच दुसऱ्या साखळीने २०२२ मध्ये आरएफआयडी चिपवालं (रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप) दाखवलं. मिलवॉकी या टूल कंपनीच्या वन-की ॲपमधूनही मशीन लॉक होते, पण ते विकत घेतल्यावर, मालकाच्या कामाचं. माझ्या शेल्फवरच्या मालात बिलावर चालू होणारं काही येत नाही. आलं तरी चोराला ते आधी माहीत पाहिजे, नाहीतर तो नेणारच आणि बंद मशीन कुठेतरी फेकणार, आपलं नुकसान तेवढंच. शिवाय लॉक बॉडीत असेल तर बॅटरी मोकळीच.

कमजोर जागा अजून एक आहे, ॲल्युमिनियमची चौकट. लॉक कितीही चांगलं असो, मोठ्या स्क्रूड्रायव्हरने चौकट वाकते. आम्ही आतून लोखंडी पट्टी मारली, काच टफन्ड केली. रात्रीसाठी शटर आणि त्याचं कुलूप वेगळं, त्याला हे पर्याय नाही.

लॉक लागल्यापासून डिस्प्लेवरून बॅटरी गेलेली नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे गर्दी अजून वाढणार, म्हणून आता ग्राइंडरच्या कपाटालाही लावतोय. कोणी लावणार असेल तर लॉकसोबत एक काम करा, प्रत्येक मशीनचा सिरीयल नंबर स्टॉकला आणि बिलावर चढवा, कारण माल सापडला तरी तो आपलाच आहे हे पोलीस स्टेशनला दाखवायला तोच नंबर लागतो.