जुन्या जीन्सवरचा धावदोरा

पुण्यातील एका छोट्या स्टुडिओत जुन्या जीन्सपासून भित्तिपट शिवण्याची दोन दिवसांची कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे कापड झिजेल तिथे पांढरे पडत जाते, आणि शिक्षिकेने आम्हाला ही झीज न झाकता तिच्याभोवती गोधडीसारखा धावदोरा घालायला शिकवले. वडिलांच्या जीन्सचा खिसा मी उसवला, तेव्हा त्याखाली नव्यासारखा गडद निळा चौकोन निघाला. त्याच्या कडेने टाके घालताना मनातली सारी घाई ओसरली. दिलेल्या सुया मात्र फारच बारीक होत्या आणि जाड दुहेरी शिवणीवर माझ्या दोन मोडल्या, त्यामुळे जाड सुई व अंगुस्तान घरूनच न्यावे.