साठ दिवसांचं पिल्लू

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही बीगल जातीचं पिल्लू विकत घेतलं आणि पुरते फसलो. पैशांचं दुःख मी एव्हाना गिळलंय. पण त्या मुक्या जिवाचे जे हाल झाले आणि माझ्या दहा वर्षांच्या लेकीला जे बघावं लागलं, ते आठवलं की अजूनही पोटात कालवतं. तुमच्या घरात सध्या ‘कुत्रा आणूया ना’ चालू असेल, तर कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा.

आम्ही ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. मी बँकेत, नवरा महाप्याला. सकाळी आठला दोघंही बाहेर, आणि घराला पुन्हा किल्ली लागते ती संध्याकाळी सातच्या पुढे. लेक शाळेतून परस्पर पाळणाघरात जाते. म्हणजे घर दिवसाचे अकरा तास बंद. हे मी आधीच सांगतेय, कारण विकणाऱ्यालाही मी हे पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

ऑनलाइन जाहिरात होती. फोटोत तीन पिल्लं, खाली हिरवी फरशी, फरशीचा एक कोपरा तुटलेला. ‘६० दिवस पूर्ण, दोन्ही इंजेक्शनं झालेली, प्युअर बीगल.’ मी फोन केला, आमची अडचण सांगितली. तो म्हणाला, “काही टेन्शन नाही ताई. बीगल म्हणजे फ्लॅटचाच कुत्रा. एकदम शांत. सकाळी खायला घालून निघायचं, संध्याकाळपर्यंत झोपून राहतो.” मला नेमकं हेच ऐकायचं होतं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर कदाचित खटकलं असतं, मला हायसं वाटलं.

भाव २२ हजार. “केसीआयचा पेपर हवा तर आठ हजार वर.” पेपर नको म्हटलं. नंतर कळलं की केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी अशी वरून चिकटवायची गोष्टच नाही. आईबाप दोघांची नोंद असेल तर पैदास करणारा सगळ्या पिल्लांची नोंद करतो. पेपरचे वेगळे पैसे मागणारा माणूस दिसला की तिथेच फोन ठेवावा.

आई बघायला येतो म्हटलं, तर “फार्म कर्जतच्या आत आहे, रस्ता खराब, पावसात तुमची गाडी नाही जायची. मीच आणून देतो.” पाच हजार ॲडव्हान्स पाठवले. रविवारी हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपाजवळ त्यानं गाडी थांबवली, मागच्या सीटवरच्या खोक्यातून पिल्लू काढलं आणि लेकीच्या हातात दिलं. खोक्यात अजून दोन होती. त्यानं मला विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे, “बाकीचे जीपे करताय की कॅश?” लेकीनं पिल्लू छातीशी धरलं होतं. त्या क्षणी कोणती आई म्हणेल की थांब, परत दे?

रंगावरून लेकीनं नाव ठेवलं खजूर.

खजूर फार झोपायचा. खाणं पुढ्यात ठेवलं तर नुसता चाटायचा, चावून खाणं त्याला जमतच नव्हतं. नवीन घर, बुजला असेल, असं आम्ही धरून चाललो. मंगळवारी रात्री उलटी झाली. बुधवारी पहाटे बाथरूमच्या दाराशी रक्ताची पातळ शी. ज्यांनी तो वास एकदा घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तो आयुष्यभर ओळखू येतो.

डॉक्टरांनी आधी शीची तपासणी केली. कोविडच्या किटसारखंच असतं, थेंब टाकायचे आणि वाट बघायची. दोन रेघा आल्या. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा जीवघेणा विषाणू. मग त्यांनी खजूरचं तोंड उघडून मला जवळ बोलावलं. पुढचे दात म्हणजे तांदळाच्या कणीएवढी टोकं, आणि मागे दाढांच्या जागी नुसती गुलाबी हिरडी. “साठ दिवसांच्या पिल्लाचे दुधाचे दात बहुतेक सगळे आलेले असतात. हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे,” ते म्हणाले. वजन भरलं एक किलो तीनशे.

मी लसीकरणाची पुस्तिका पुढे केली. लस दिली की बाटलीवरचं लेबल सोलून पुस्तिकेत चिकटवतात, शेजारी तारीख आणि डॉक्टरची सही. आमच्या पुस्तिकेत दोन लेबलं होती, मी ती खोक्याजवळ उभी असतानाच बघून समाधान करून घेतलं होतं. डॉक्टरांनी पेनाचं टोक लेबलाच्या खालच्या ओळीवर ठेवलं. लसीची मुदत मार्चमध्येच संपलेली, आणि टोचल्याची तारीख जुलैची. दोन्ही लेबलांचा बॅच नंबर एकच. सहीखाली डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. शिवाय पाच आठवड्यांच्या पिल्लाला दोन डोस झालेच कसे? पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला देतात आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांपर्यंत. हे सगळं त्या एका पानावर होतं. वाचायचं कसं ते मला माहीत नव्हतं.

विकणाऱ्याला फोन लावला. आधी म्हणाला, तुम्ही दूध पाजलं असेल. मग म्हणाला, हवा बदलली. मी पार्व्होचा रिपोर्ट पाठवला तेव्हा त्याचा आवाज एकदम गोड झाला. “ताई, टेन्शन नका घेऊ. ते मला परत द्या, मी बदलून देतो. दुसरं एकदम हेल्दी पाठवतो.” फोन स्पीकरवर होता. लेक शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, “बदलून म्हणजे? खजूरचं काय करणार ते?” मला उत्तर देता आलं नाही. मी नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत त्यानं नंबर ब्लॉक केला.

हे ‘बदलून देतो’ फार ऐकायला मिळतं, म्हणून सांगते. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. फरशी, पायपुसणी, चपला, सगळीकडे. त्या घरात दुसरं बिनलसीचं पिल्लू आणलं तर त्यालाही लागण होण्याचीच भीती. आणि फिनाईलनं पुसून हा विषाणू मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं तरी ओलं राहू द्यायचं.

खजूर सहा दिवस सलाईनवर होता. वेगळ्या खोलीत, बाकीच्या कुत्र्यांपासून लांब. पुढच्या पायाला पट्टी, त्यातून नळी. मी लंच टाइममध्ये डॉक्टरांना फोन करायचे आणि समोरच्या माणसाचं पासबुक हातात तसंच राहायचं. खर्च साधारण २८ हजार झाला. सातव्या दिवशी त्यानं बोटावरचा भात चाटला. तो वाचला. खोक्यातल्या बाकीच्या दोघांचं काय झालं, मला माहीत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी कदाचित लिहिलंही नसतं. वय खोटं, इंजेक्शनं खोटी, ही फसवणूक एका आठवड्यात उघडी पडली. ‘एकदम शांत, झोपून राहतो’ हे तिसरं खोटं मात्र सावकाश बाहेर आलं आणि त्यानंच आम्हाला सर्वांत जास्त रडवलं.

बीगल हा इंग्लंडमधला सशाच्या शिकारीचा कुत्रा. टोळीनं राहणारा, नाक जमिनीला लावून मैलोन्‌मैल माग काढणारा. माग लागला की लांबवर ऐकू जाईल असा गळा काढायचा, यासाठीच त्याची पैदास केली गेली. अशा जिवाला आम्ही अकरा तास बंद घरात एकटं ठेवणार होतो! सुरुवातीला मी महिन्याची रजा टाकली, मग नवऱ्यानं पंधरा दिवस. पुढे दुपारी येऊन जाणारी बाई ठेवली. ती गेली की खजूर दारापाशी बसून हेल काढून रडायचा. शेजारच्या आजींनी त्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं, एकवीस मिनिटांचं. रागावल्या नव्हत्या त्या. “पोर आईला हाक मारतंय असं वाटतं गं, माझा डोळा लागत नाही,” म्हणाल्या. सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांमध्ये ते स्पष्ट आहे, हे मला ठाऊक होतं. पण आजींशी नियमानं काय भांडायचं?

त्यात चावणं. आई आणि भावंडांबरोबर आठ आठवडे राहिलेलं पिल्लू खेळता खेळता शिकतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. खजूरला त्या शाळेतून मधेच उचललं होतं. लेकीच्या मनगटावर कायम ओरखडे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे, पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागायचा असतो, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

सात महिने ओढले. मग माझी नणंद म्हणाली, माझ्याकडे द्या. तिचं वाईला अंगणाचं घर, दोन कुत्री आधीपासून, ती दिवसभर घरी. खजूर आता तिथे असतो. हळदीच्या रानात नाक खुपसून हिंडतो. त्याला सोडून परत येताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत लेक एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “आपण त्याला आणायलाच नको होतं ना?”

यंदा जूनमध्ये आम्ही प्राणी दत्तक देणाऱ्या एका संस्थेकडे गेलो. तिथल्या ताई घरी आल्या. कोण किती वाजता निघतं, गॅलरीला जाळी आहे का, सुट्टीत गावाला जाता तेव्हा काय, महिना किती खर्च झेपेल, उद्या तुमची बदली झाली तर? पाऊण तास नुसते प्रश्न. शेवटी म्हणाल्या, “कुत्रा मी तुम्हाला आत्ता देणार नाही. राग मानू नका.” त्यांनी तीन वर्षांच्या दोन मांजरी सुचवल्या. बहिणी, एकमेकींच्या सोबतीच्या, दुपारभर झोपणाऱ्या, नसबंदी आणि लसीकरण झालेल्या. एक पैसा घेतला नाही. त्या दोघी आत्ता धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर झोपल्या आहेत.

तक्रार आम्ही केली आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद केली. ऑनलाइन पैसे देऊन पिल्लू आलंच नाही असं कुणाचं झालं असेल तर त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, तासातासानं फरक पडतो. पुस्तिका, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जाहिरातीचा फोटो, यातलं काहीही डिलीट करू नका. आम्ही रागाच्या भरात अर्धं चॅट उडवलं होतं, ते आज नडतंय.

आणि गेल्या आठवड्यात मला ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा. या वेळी लॅब्रॅडोर. ‘६० दिवस पूर्ण, दोन्ही इंजेक्शनं झालेली.’ खाली तीच हिरवी फरशी, डाव्या बाजूला तोच तुटलेला कोपरा. ठाणे, कल्याण, पनवेल भागात कुणाला हा फोटो आला, तर जाऊ नका. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आमच्या अर्जाला जोडायला तो उपयोगी पडेल.