फायर पंपाची वीज: दुसरा फीडर, जनरेटर की डिझेल इंजिन?

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कूलर-एसीच्या लोडनं ट्रान्सफॉर्मर तापतात, वळवाच्या वादळात तारा तुटल्या की तासन्‌तास लाइट जाते, आणि आगी लागण्याचे दिवसही हेच. सोसायटीचा किंवा व्यापारी संकुलाचा फायर पंप (आग विझवायला इमारतीच्या पाइपांत दाबानं पाणी सोडणारा पंप) घेताना चर्चा बहुतेक हॉर्सपॉवर आणि किमतीवर होते. ऐन वेळी त्याला ताकद कुठून मिळणार, याला माझ्या मते जास्त वेळ द्यायला हवा.

आधी एक गोष्ट तपासा. आग लागली की इमारतीची वीज तोडतात, आणि ते बरोबरच आहे. पण पंपाची जोडणी मेन स्विचच्या नंतर घेतलेली असेल, तर त्याच क्षणी पंपही मरतो. ही जोडणी मेन स्विचच्या आधीच वेगळी काढलेली हवी, तिच्यावर स्वतंत्र ब्रेकर आणि ठळक पाटी हवी. केबल आगीत टिकणारी, वेगळ्या मार्गानं नेलेली असावी. लिफ्टच्या शाफ्टमधून बाकीच्या वायरींच्या जुडग्यात ती गेली, तर आग तिलाही जाळेल. खाली कोणताही पर्याय निवडा, हे काम टळत नाही.

महावितरणकडून दुसरा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी दुसरी वीजवाहिनी, घेणं ऐकायला चांगलं वाटतं. पण आपल्या भागात दोन्ही फीडर बऱ्याचदा एकाच उपकेंद्रातून येतात. उपकेंद्रच बंद पडलं तर दोन्ही जातात. वेगवेगळ्या उपकेंद्रांतून मिळत असतील तरच पैसे घाला. एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला ते जमू शकतं, सात मजली सोसायटीला क्वचितच.

इमारतीचा जनरेटर आहेच, त्यावरच पंप चालवू, हा सगळ्यात स्वस्त विचार. इथे हिशोब करा. ६० हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर साधारण ८० अँपिअर घेते. स्टार-डेल्टानं (सुरुवातीचा करंट कमी ठेवणाऱ्या स्टार्टरनं) सुरू केली तरी त्या क्षणी दीड-दोनशे अँपिअर ओढते. लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी घेतलेल्या ६२.५ केव्हीएच्या जनरेटरची क्षमता ८७ अँपिअरच्या आसपास. मोटर उचलताना व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा स्विच) सुटतो आणि पंप घरघर करून थांबतो. जनरेटर मोठा असला, पंपाची वेळ आली की लिफ्टचा लोड आपोआप तुटत असला आणि चेंजओव्हर (लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) हातानं फिरवावा लागत नसला, तर मात्र हा पर्याय चांगला. रात्री दोन वाजता वॉचमनला चेंजओव्हर फिरवता येईल, यावर भिस्त ठेवू नका.

माझा कौल डिझेल इंजिनच्या पंपाला. त्याला बाहेरची वीज लागतच नाही, स्टार्टरच्या बॅटऱ्या सोडल्या तर. कित्येक उंच इमारतींना राष्ट्रीय इमारत संहितेनुसार विद्युत पंपाच्या जोडीला तो ठेवावाच लागतो, तेव्हा आपल्या इमारतीला काय लागू आहे ते अग्निशमन विभागात आधी विचारा. मात्र हा पंप बसवून विसरण्यातला नाही. उष्णतेनं लेड-ॲसिड बॅटरी लवकर म्हातारी होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. पत्र्याच्या पंपघरात पांढरट-हिरवा क्षार चढलेलं बॅटरीचं टर्मिनल दिसलं, तर ते इंजिन सेल्फ घेईल याची खात्री नाही. बॅटऱ्यांचे दोन संच, चालू स्थितीतला चार्जर, भरलेली टाकी, हवा खेळती राहील अशा खिडक्या आणि आठवड्याला अर्धा तास इंजिन चालवणं, एवढं करायला माणूस नसेल तर पैसे वाया.

राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंध कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. एजन्सीचा माणूस आला की पंपाच्या पॅनेलवरचा ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर स्विच ऑटोवर आहे का ते बघा. मग त्याच्यासमोर इमारतीचा मेन स्विच पाडा, गच्चीवरचा हायड्रंट (आगीच्या पाइपचा नळ) उघडा आणि पंप आपोआप उचलतो का ते पाहून मगच कागदावर सही करा.