परळ, मिरज, ओरोस की सावर्डे? कोकणातल्या मुलांनी मेडिकलची लिस्ट कशी लावावी

आधी एक सांगतो, कोणाच्याही जुन्या मार्कांवरून आपलं कॉलेज ठरवू नका. २०२४ ला नीटचा निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात ते १७ राहिले, आणि २०२५ ला देशात जो पहिला आला त्याला ६८६. पेपरच एवढा वेगळा होता. तरी लोक विचारतात काय, तर "अमक्याच्या मुलाला ६१० ला नाही लागलं, मग आपल्या ५३० ला काय लागणार?" आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता. बघायचा तो ऑल इंडिया रँक, आणि महाराष्ट्राच्या जागांसाठी स्टेट मेरिट नंबर. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या प्रत्येक राउंडच्या लिस्ट असतात, त्यात आपल्या कॅटेगरीचा शेवटचा नंबर कुठल्या कॉलेजला कुठे थांबला ते वहीत लिहून काढायचं. फक्त पहिल्या राउंडचा नाही, शेवटच्याचा पण, कारण दोन्हीत बराच फरक पडतो.

मी कुडाळचा. २०२४ ला भाचीची आणि २०२५ ला पुतण्याची लिस्ट मी त्यांच्यासोबत बसून लावली, आणि तेव्हा जे कोणी नीट समजावून सांगत नव्हतं ते इथे लिहितोय.

आपल्याकडे बऱ्याच जणांना अजून वाटतं की ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयाला, नाहीतर रत्नागिरीला सरकारी कॉलेज आलं म्हणजे जिल्ह्यातल्या मुलांना काहीतरी राखीव असणार. तसं काही नाही. पूर्वी ७०:३० होतं, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग करून ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, पण ते २०२० ला बंद झालं. ओरोसला सुरुवात झाली १०० जागांनी, त्यातल्या १५ टक्के ऑल इंडियात, म्हणजे देशभरच्या मुलांच्या कोट्यात जातात, राहिलेल्या ८५ अख्ख्या महाराष्ट्रासाठी, त्यात परत सगळी आरक्षणं. लातूर-नांदेडची मुलं पण त्याच रांगेत. पण हीच गोष्ट उलटी करून बघा. लातूरच्या मुलासाठी ओरोस म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक, तो ते लिस्टच्या तळाला टाकतो, म्हणून ओरोस, रत्नागिरी, अलिबाग ही नवी सरकारी कॉलेजं मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉलेजांच्या खूप नंतर भरतात. बाकीच्यांना जे लांब म्हणून नको असतं तेच आपल्या दारात आहे. कोकणातल्या मुलाचा खरा फायदा तो एवढाच, आणि आपलीच माणसं "नवीन आहे हो ते" म्हणून तो सोडून देतात.

आता एकेक जोडी लावून बघू.

मुंबईची मोठी कॉलेजं विरुद्ध ओरोस-रत्नागिरी, यात नंबर लागत असेल तर फार विचार करू नका, मुंबई. परळच्या केईएम हॉस्पिटलचं जीएस कॉलेज १९२६ चं, जेजे हॉस्पिटलचं ग्रँट तर १८४५ चं, सायन, नायर, कूपर आहेतच. जीएस आणि ग्रँटला अडीचशे-अडीचशे जागा. तिथे ओपीडीत जेवढे पेशंट एका दिवसात दिसतात तेवढे नवीन कॉलेजात दिसायला बरेच दिवस जातात. आणि कोकणातल्या माणसाला मुंबई लांब वाटतच नाही, परळ-लालबागला गिरण्या होत्या तेव्हापासून प्रत्येक घरातलं कोणीतरी तिकडे आहे, रात्री कोकणकन्या नाहीतर तुतारी पकडली की सकाळी पोहोचलं. फक्त एक सांभाळा. काकाकडे डोंबिवलीला राहून रोज परळला जाईन हा बेत करू नका. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी आणि लोकलची गर्दी दोन्ही एकदम झेपत नाही, हॉस्टेल कितीही दाटीचं असलं तरी हॉस्टेलच घ्या.

खरी ओढाताण होते ती पुढच्या जोडीत. कोल्हापूर किंवा मिरजचं सरकारी कॉलेज एका बाजूला, ओरोस किंवा रत्नागिरी दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे दोन्ही वर्षी यावरूनच भांडणं झाली. भाचीच्या वेळी आजी म्हणत होती, "चेडवाक एवढ्या लांब कित्याक धाडतंस?" आणि लांब म्हणजे काय तर मिरज.

मिरज-कोल्हापूरचं जमेचं असं की कॉलेज जुनं, सीनियर मुलं भरपूर, पीजी, म्हणजे एमडी-एमएस करणारी मुलं वॉर्डात रात्रभर असतात, काही अडलं तर विचारायला माणूस असतो, आणि मिरज तर दवाखान्यांचंच गाव, सांगलीपासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट येतात. गैरसोय म्हणजे मधले घाट. पावसात आंबा, फोंडा, गगनबावडा, कुठे दरड येईल सांगता येत नाही, म्हणून गणपतीला घरी यायचं तर आधी रस्ता चालू आहे का ते विचारावं लागतं. ओरोसचं कॉलेज २०२१ ला सुरू झालं, अलिबागचंही तेव्हाच, रत्नागिरीचं २०२३ ला. नवीन कॉलेजात पीजीची मुलं कमी, शिकवणारे बदलून जात-येत राहतात, इमारत, हॉस्टेल, लायब्ररी हळूहळू उभी राहते, आणि पहिल्या बॅचेसना ते सोसावं लागतं. हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण सिव्हिलला जोडलेलं हॉस्पिटल आहे, डोळ्यांसमोर लेप्टो आहे, सर्पदंश आहेत, दोडामार्ग-बांद्याकडचा माकडताप आहे. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम केलं ते जगभर गेलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. तेव्हा गावातल्या दवाखान्यात शिकण्यासारखं काय आहे असं कोणी म्हणालं तर मला राग येतो.

तर माझं मत असं की ज्याला पुढे पीजीच्या तयारीसाठी आजूबाजूला अभ्यास करणारी, मार्ग दाखवणारी मुलं लागतात, जो एकटा पडला की ढिला होतो, त्याने मिरज-कोल्हापूर वर लिहावं. जो स्वतःच्या शिस्तीने अभ्यास करतो, किंवा घरी आजारपण आहे, आईवडिलांना सोडून फार लांब जाता येत नाही, त्याने ओरोस-रत्नागिरी वर लिहायला अजिबात संकोच करू नये. पुतण्या पहिल्यातला, तो मिरजला आहे. भाची ओरोसला आहे आणि शनिवारी घरी जेवायला येते. एमबीबीएसची डिग्री दोन्हीकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच, फी दोन्हीकडे लाख-दीड लाखाच्या आसपास, साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप दोन्हीकडे तीच, आणि नंतर वर्षभर सरकारी सेवेचा बाँडही दोन्हीकडे आहे. म्हणजे फरक शिकण्याच्या वातावरणाचा आणि घराचा, पैशाचा नाही.

पैशाचा फरक येतो खाजगीत. सावर्डे-डेरवणचं वालावलकर आणि पडव्याचं एसएसपीएम ही आपल्या पट्ट्यातली दोन. फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, खाजगी कॉलेजांची साधारण दहा लाखांच्या आसपास वर्षाला, कुठे कमी कुठे जास्त. त्यामुळे पूर्वी साध्या घरातली मुलं ही नावं लिस्टमध्ये लिहीतच नव्हती. पण मुलींच्या बाबतीत हे गणित बदललंय आणि ते अजून घराघरात पोहोचलेलं नाही. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, खाजगी कॉलेजात सुद्धा. मुलांना त्याच उत्पन्नात साधारण निम्मी ट्यूशन फी सुटते. म्हणजे एकाच घरात बहिणीला सावर्डे परवडतं आणि भावाला परवडत नाही असं होऊ शकतं, म्हणून दोघांची लिस्ट वेगळी लागायला हवी, मोठ्याची लिस्ट धाकटीला कॉपी करून चालत नाही.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही, डीम्डला, म्हणजे खाजगी अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांनाही नाही. आणि डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे भरावंच लागतं. भाचीच्या मैत्रिणीला एका खाजगी कॉलेजात ॲडमिशनच्या दिवशी सांगितलं, आधी सगळी फी भरा, सरकारकडून आले की परत देऊ. वडील रिक्षा चालवतात. दुपारी तीनला त्यांनी फोनवर माझ्याकडे रडत विचारलं, आता काय करू. शासन निर्णयाची प्रिंट काढून घेऊन गेले, सीईटी सेलच्या हेल्पलाइनला फोन केले, संध्याकाळपर्यंत ताटकळले, तेव्हा कुठे ट्यूशन फी न घेता ॲडमिशन झाली. तर ती प्रिंट, उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलची माहिती फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

लांबचं सरकारी, म्हणजे नंदुरबार किंवा गडचिरोली, विरुद्ध जवळचं सावर्डे-पडवे असं आलं तर? मुलगा असेल आणि पैसे जेमतेम असतील तर सरकारी, कितीही लांब असो, कर्ज डोक्यावर घेऊन डॉक्टर झालेला मुलगा पुढे पीजीला बसायलाही घाबरतो. मुलगी माफीत बसत असेल तर जवळचं खाजगी आधी लिहिलं तरी काही चुकत नाही.

डीम्डबद्दल थोडक्यात. नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम, ही राज्याच्या राउंडमध्ये येतच नाहीत, सगळ्या जागा दिल्लीच्या एमसीसीतून, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीतून, तिथे राज्याचं जातीचं आरक्षण लागत नाही, फी वीस-पंचवीस लाख आणि वर, एका वर्षाची. नुसतं नाव नोंदवायलाच अनामत दोन लाख. त्यासाठी बागायत विकावी लागणार असेल तर मुलाने एक वर्ष परत तयारी केलेली बरी, असं मी तरी सांगतो. कलमं लावून फळ धरायला किती वर्षं जातात ते आपल्याला कोणी सांगायला नको.

ऑल इंडिया कोटा मात्र सगळ्यांनी भरावा, सरकारी जागांसाठी अनामत १० हजार, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ५ हजार, आणि पहिल्या राउंडला मिळालेलं कॉलेज घेतलं नाही तर काही जात नाही. दुसऱ्या राउंडला नाही घेतलं तर अनामत जाते. त्यानंतर घेऊन बसलात तर राज्याच्या जागेचा रस्ता बंद होतो, म्हणून दुसऱ्या राउंडला तिथे राज्यातल्यापेक्षा खरंच बरं वाटतं तेच लिहा. मराठा मुलांनी एक विसरू नका, राज्यात एसईबीसी, पण ऑल इंडियात ती कॅटेगरीच नाही, तिथे ईडब्ल्यूएसचा केंद्राचा दाखला वेगळा काढावा लागतो. कुणबी आणि बाकी ओबीसींनी पण केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढायचा, राज्याचा चालत नाही. आणि मुलींसाठी राज्यात सरकारी जागांत ३० टक्के राखीव आहेत, ऑल इंडियात नाहीत, म्हणून मुलीचा नंबर राज्यात बऱ्याचदा जास्त चांगल्या ठिकाणी लागतो.

गोव्याचं पण विचारतात लोक. बांबोळी आपल्याला किती जवळची, सिंधुदुर्गातला अर्धा सिरियस पेशंट तिकडेच जातो, आणि कॉलेज १८४२ पासूनचं. पण राज्याच्या जागा गोव्याच्या रहिवाशांना, आपल्याला फक्त ऑल इंडियातून. बांदा-दोडामार्ग-शिरोड्याच्या पालकांना खास सांगतो, अकरावी-बारावी म्हापशाला बरी म्हणून मुलाला तिकडे घालताना विचार करा, महाराष्ट्राच्या कोट्याला थोडे अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात. दोन्हीकडून राहिलेली मुलं बघितलीत मी, आणि तेव्हा कोणाच्या हातात काही उरत नाही.

आता लिस्ट. लोक घाबरून "जे मिळू शकेल" ते वर लिहितात. कॉम्प्युटर तसं चालतच नाही. तुमचा नंबर आला की तो वरून खाली बघतो आणि जिथे पहिली जागा मोकळी आहे ती देतो, वर केईएम लिहिलं म्हणून खालचं ओरोस हातचं जात नाही. मनात जो क्रम आहे तोच लिहायचा. पण जिथे जायचंच नाही ते लिहायचं नाही.

आणि बेटरमेंटला, म्हणजे मिळालेल्या जागेपेक्षा बरी जागा मागताना, सगळ्यात जास्त चुका होतात. भाचीला पहिल्या राउंडला ओरोस लागलं, ॲडमिशन घेतली, दुसऱ्या राउंडला परत नव्याने लिस्ट भरायची होती. सगळे म्हणाले भर सगळं, काही तरी लागेल. लागलं असतंच, आणि नवीन लागलं की आधीचं आपोआप जातं, परत मागता येत नाही. मग आम्ही रात्री बसून फक्त सात नावं लिहिली, ओरोस सोडून जिथे ती खरंच खुशीने गेली असती तेवढीच. सातातलं एकही लागलं नाही, ओरोस राहिलं, आणि तिने पुढे स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे हीच जागा ठेवायची, पुढचे राउंड नकोत असं सांगणारा, फॉर्म भरून टाकला. हातातलं कॉलेज मनासारखं असेल तर तो फॉर्म पहिल्याच राउंडला भरा.

शेवटचं कागदांचं. जात पडताळणी अकरावीलाच टाका, जिल्हा समितीत वेळ लागतो. नॉन क्रिमी लेयरची मुदत बघा, डोमिसाइल काढून ठेवा. आणि तुमची शाळा डोंगरी भागात येत असेल, कोकणात असे तालुके बरेच आहेत, तर डोंगरी क्षेत्राच्या थोड्या जागा वेगळ्या असतात, त्याला त्याच भागातल्या शाळेची अट असते. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते तहसील कार्यालयात जाऊन या आठवड्यातच विचारा, फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी दाखला मिळत नाही.