डच आडनावांची बँक : अर्थाआधी नकाशा उघडा

डच आडनावाचा उगम शोधायचा असेल तर आधी ‘नेडरलँडसे फामिलीनामेनबांक’ हे संकेतस्थळ गाठा. काम उभं राहिलं अ‍ॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेत, आता ते हेगच्या सीबीजी या कुटुंबेतिहास केंद्राकडे आहे. तीन लाखांहून जास्त आडनावं आहेत आणि पैसे लागत नाहीत.

माझं सासर डाइकस्ट्रांचं. सासरे रॉटरडॅमचे, त्यांचे वडीलही तिथलेच, त्यामुळे ‘आम्ही मूळचे इथलेच’ असं घरात सगळे ठामपणे सांगायचे. मी नाव टाकून, ते आडनाव कुठे किती होतं हे दाखवणारा 1947चा नकाशा उघडला, तर पार उत्तरेकडचा फ्रीसलंड प्रांत गडद रंगलेला! शेवटचा ‘स्ट्रा’ फ्रिशियन, साधारण आपल्या ‘कर’सारखा. डाइकस्ट्रा म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधालगत राहणारे. त्याच बांधावरून आलेलं ‘फान डाइक’ मात्र देशभर भेटतं. ‘यान्सन’ हे नाव तर जरूर बघा. एक ‘स’ की दोन, एवढ्यावरून नकाशा बदलतो. दोन ‘स’वाले दक्षिणेत, लिम्बर्गकडे दाटीने दिसतात. नुसता अर्थ कुठेही मिळेल हो, पण घराणं कुठल्या मातीतलं याचा अंदाज असा दुसरीकडे येत नाही.

दुसरी मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे इथला अभ्यास ऐकीव कथांवर विसंबत नाही. नेपोलियनच्या 1811च्या हुकुमामुळे आडनाव नोंदवणं सक्तीचं झालं, तेव्हा लोकांनी फ्रेंचांची टर उडवायला ‘नाक्तगेबोरेन’, म्हणजे ‘नागडा जन्मलेला’, असली नावं घेतली, ही गोष्ट नेदरलँड्समध्ये जो तो सांगतो. पण हे आडनाव त्या हुकुमाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ते बहुधा वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दावरून आलं असावं. बहुतेक डच कुटुंबांकडे 1811पूर्वीच आडनाव होतं. उत्तरेत मात्र वडिलांचं नाव मागे लावायची रीत टिकून होती, म्हणून नवी नावं घेणारे तिकडे जास्त.

शोधताना एक लक्षात ठेवा : ‘फान डेन बेर्ख’ हे नाव इथे ‘ब’मध्ये लागतं, ‘फ’मध्ये नाही. बेल्जियममध्ये नेमकं उलटं.

उणिवा आहेत. स्पष्टीकरणं डचमध्ये, आणि बऱ्याच नावांना ती नाहीतच. कुठलं आडनाव किती जणांचं याचे सगळ्यात ताजे आकडेही 2007चे, ते आता नव्याने यायला हवेत. शिवाय इथे आडनावाचा इतिहास मिळतो, तुमच्या घराचा नाही. कुटुंब फ्रीसलंडचं निघालं तर पुढे लेऊवार्डनच्या ट्रेसोआर अभिलेखागाराकडे वळा. 1811च्या नावनोंदणीच्या वह्यांत कुटुंबप्रमुखाने घेतलेलं आडनाव आणि खाली मुलांची नावं वयासकट असतात. सासऱ्यांबरोबर आता तेच शोधकाम चालू आहे.