ताइपिंग की मुआर? मलेशियात दोन दिवस मोकळे असतील तर

मलेशियाची सहल म्हटली की आपल्याकडे एकच साचा ठरलेला. क्वालालंपूरचे जुळे मनोरे, बाटू केव्हजमधला सोनेरी मुरुगन, गेंटिंग, लंकावी आणि जमलंच तर परस्पर सिंगापूर. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येऊ लागल्यावर ओळखीपाळखीतले निम्मे लोक जाऊन आले. आता दुसऱ्यांदा निघालेले विचारतात, "दोन दिवस जास्तीचे आहेत, एखादं लहान गाव सांग. खायला चांगलं हवं आणि धावाधाव नको."

माझ्याकडे दोन नावं आहेत. पेराक राज्यातलं ताइपिंग आणि जोहोर राज्यातलं मुआर. इपोह मुद्दाम वगळलंय. तिथली व्हाइट कॉफी आणि मोड आलेल्या मुगासोबतची उकडलेली कोंबडी झकास असते, पण इपोह आता चांगलं मोठं शहर आहे आणि शनिवार-रविवारी जुन्या गल्ल्यांत आपल्या तुळशीबागेसारखी रेटारेटी असते.

आधी नकाशा बघा

दोन्ही गावं पश्चिमेकडचीच, पण क्वालालंपूरपासून उलट दिशांना. ताइपिंग उत्तरेला, पेनांगच्या वाटेवर. मुआर दक्षिणेला, मलाक्का आणि सिंगापूरच्या मधे. एकाच सहलीत दोन्ही कोंबायची म्हटली तर एक अख्खा दिवस प्रवासात जातो, तेव्हा तो मोह टाळा. पुढे पेनांग किंवा लंकावी असेल तर ताइपिंग, मलाक्का किंवा सिंगापूर असेल तर मुआर. निम्मा निर्णय इथेच होतो.

ताइपिंगला रेल्वे आहे. क्वालालंपूरहून ईटीएस नावाची विजेवरची गाडी साधारण साडेतीन तासांत पोचवते आणि तिथून पुढे पेनांगसाठी बटरवर्थ तासाभरावर. मुआरला एके काळी पारित जावापर्यंतची स्वतःची छोटी रेल्वे होती, आता नाही. बसने जायचं. क्वालालंपूरच्या टीबीएस स्थानकावरून तीनेक तास, मलाक्काहून तासभर. मुआरची सोय अशी की बेंतायान बसस्थानक नदीकाठी, गावातच आहे. बॅग ओढत चालत हॉटेलवर जाता येतं.

ताइपिंग: पावसाचं गाव

ताइपिंगचं सगळं पावसाभोवती फिरतं. वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर. आपलं महाबळेश्वर याहून जास्त भिजतं, पण चार महिन्यांत उरकून मोकळं होतं. ताइपिंगला तो वर्षभर हप्त्याहप्त्याने पडतो, बहुतेक दुपारनंतर. आज पाऊस किती वाजता येणार यावर इथे पूर्वी पैजा लागत, असं सांगतात. मी पहिल्या दुपारी एका कॉफीच्या दुकानात बसलो होतो. तीनच्या सुमाराला मागच्या डोंगरावर ढग उतरले. दुकानदाराने बाहेर न बघताच उठून पुढची ताडपत्री खाली सोडली, माझं टेबल हातभर आत ओढलं आणि परत जाऊन वर्तमानपत्र उघडलं. पाच मिनिटांत रस्त्यापलीकडची दुकानं दिसेनाशी झाली. त्याने पान उलटलं, इतकंच.

त्यामुळे कार्यक्रम सकाळी उरकायचे. पहिला म्हणजे तळ्याकाठची बाग. कथिलाच्या खाणीचे सोडून दिलेले खड्डे पाण्याने भरले आणि 1880 मध्ये तिथे सार्वजनिक बाग झाली. काठाने लावलेले रेन ट्री आता सव्वाशे वर्षांच्या वरचे आहेत. मुंबईकरांना हे झाड नवीन नाही. पण इथे त्यांच्या फांद्या रस्ता ओलांडून पलीकडे थेट पाण्याला टेकल्यात आणि त्यांच्या खालून चालता येतं. सकाळी सातला गावातली ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारत असतात. आई-बाबांना घेऊन गेलात तर ते तासभर तरी परत येणार नाहीत.

इतिहासाची हौस असेल तर हे गाव सोनं आहे. कथिलासाठी घी हिन आणि हाय सान या दोन चिनी टोळ्यांनी इथे वर्षानुवर्षं एकमेकांची डोकी फोडली. 1874 च्या पांगकोर करारानंतर इंग्रजांचा अंमल बसला आणि गावाला 'ताइपिंग', म्हणजे चिरशांती, हे नाव मिळालं. 1883 चं पेराक संग्रहालय देशातलं सर्वांत जुनं. मलायातली पहिली रेल्वेही इथलीच, 1885 ची, पोर्ट वेल्ड बंदरापर्यंत जेमतेम तेरा किलोमीटर, कथिल वाहून न्यायला.

मागच्या बुकित लारुत डोंगरावर इंग्रजांच्या काळातलं थंड हवेचं ठिकाण आहे. पण रस्ता खचल्यामुळे वर नेणारी जीप दीर्घकाळ बंद राहिलेली आहे, तेव्हा हॉटेलवर विचारल्याशिवाय तो बेत धरू नका. डोंगराच्या पायथ्याशी युद्धस्मशान लागतं. रस्त्याच्या एका बाजूला ख्रिश्चन सैनिक, दुसऱ्या बाजूला इतर धर्मांचे, त्यांत हिंदी फौजेतले कितीतरी. पुष्कळ दगडांवर नावच नाही.

खाण्यात इथे पहिला नंबर चेंदोलचा. तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, ताडगुळाचा काळसर पाक आणि वर किसलेला बर्फ. कोकणातले शिरवाळे नि रस डोळ्यांपुढे आणा, त्यात मूठभर बर्फ घाला, झालं चेंदोल. तामिळ मुसलमानांची दोन जुनी दुकानं आहेत, अन्सारी आणि बिस्मिल्ला. गावात दोघांचे पक्ष आहेत. मी अन्सारीवाला.

दुसरा नंबर चार क्वे त्याऊचा. लोखंडी कढईत धडधडत्या आचेवर परतलेल्या तांदळाच्या रुंद पट्ट्या. पेनांगचा प्रसिद्ध, पण ताइपिंगचा जरा ओलसर असतो आणि बरोबर माशाचे गोळे येतात. लारुत मातांग नावाच्या खाद्यबाजारात जा. तिथे चिनी आणि मलय अशा दोन बाजू आहेत. डुक्कर खात नसाल तर मलय बाजूला बसा, प्रश्न मिटला. कॉफीसाठी 1933 पासून चालू असलेली अँटाँग ही भट्टी आहे. बिया साखर आणि मार्गारीन घालून काळ्याकुट्ट भाजतात आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो.

क्वाला सेपेतांगसाठी अर्धा दिवस ठेवाच

ते जुनं पोर्ट वेल्ड म्हणजे आजचं क्वाला सेपेतांग. स्टेशन गेलं, पाटी उरली. रोमन, जावी (मलय भाषेसाठीची अरबी लिपी), चिनी आणि तामिळ अशा चार लिप्यांत नाव लिहिलेली. आजूबाजूला मातांगचं खारफुटीचं जंगल आहे, सुमारे चाळीस हजार हेक्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते तीस वर्षांच्या पाळीने तोडतात आणि पुन्हा लावतात.

त्या लाकडाचा कोळसा इथेच पाडतात. भट्ट्या घुमटासारख्या, माणसाहून कितीतरी उंच. साल काढलेले ओंडके आत उभे रचायचे, तोंडाशी जाळ करायचा आणि मग जवळजवळ महिनाभर वाट बघायची. आतलं लाकूड पेटता कामा नये, त्यातलं पाणी आणि वायू तेवढे जायला हवेत. चाळीस टन ओलं लाकूड घातलं तर दहा टन कोळसा हाती येतो. आत काय चाललंय ते भट्टीवाला धुराच्या वासावरून आणि उबेवरून सांगतो. आम्ही उभे होतो तिथे त्याने धुराच्या भोकापुढे तळहात धरला, नाक जरा पुढे केलं, मान हलवली आणि ओली माती घेऊन एक फट लिंपली. ही तपासणी दिवसातून कितीदा करतो, असं विचारलं तर हसला.

जेवणाला 'मी उदांग' ('मी' म्हणजे नूडल्स), कोळंबीच्या दाट तांबड्या रश्शातल्या नूडल्स. रश्श्याला कोळंबीच्या डोक्यांची चव असते, बशीतली कोळंबी बोटभर लांब. अंधार पडल्यावर होडीतून काजवे. आपल्याकडे भंडारदऱ्याला काजव्यांसाठी मे-जूनचे मोजके दिवस साधावे लागतात. इथे ते बहुतेक वर्षभर असतात आणि एका झाडावरचे सगळे एकदम लुकलुकतात. अमावास्येच्या जवळपास जा. मात्र दुपारचा पाऊस लांबला तर होडी निघत नाही.

मुआर: न्याहारीला साते

मुआरला बघायला काय आहे, असं विचाराल तर उत्तर लवकर संपतं. रुंद, संथ नदी. काठावर 1930 मध्ये पूर्ण झालेली, युरोपी घाटाची सुलतान इब्राहिम जामे मशीद. जुन्या दुकानांची आळी, भिंतींवर चित्रं, संध्याकाळी तांजुंग एमासला वारा खात बसायचं. बास. गावाचं दुसरं नाव मात्र 'बंदर महाराणी'. मलय भाषेत 'बंदर' म्हणजे शहर, पण आपल्याला वाचताना उगाच रत्नागिरीच्या आसपास आल्यासारखं वाटतं. याच परिसरात जानेवारी 1942 मध्ये जपान्यांपुढे 45 वी हिंदी ब्रिगेड जवळजवळ संपली. राजपुताना रायफल्स, जाट आणि गढवाली पलटणी. जवळच्या बाकरी गावाकडे जाताना ड्रायव्हरने आपणहून ही गोष्ट काढली.

पण मुआरला लोक जातात ते जेवायला. सकाळी आठला इथे साते खातात. देशात इतरत्र हा संध्याकाळचा पदार्थ. कोळशावर भाजलेल्या मांसाच्या काड्या, दाबून वडीसारखा केलेला भात, काकडी-कांदा आणि शेंगदाण्याची तिखटगोड चटणी. ताटात ढीग येतो, खाल तेवढ्या काड्यांचे पैसे. सावध राहा. कोंबडी म्हणजे 'आयाम'. नुसतं 'दागिंग' म्हटलं की बहुधा गोमांस, आणि 'पेरुत' म्हणजे वजडी.

माशाचं खाणाऱ्याने ओतक-ओतकसाठी वाट वाकडी करावी. तेंगिरी, म्हणजे आपली सुरमई, वाटून त्यात मिरच्या, गवती चहाचे दांडे आणि नारळाचं दूध घालतात. निपा नावाच्या ताडाच्या पानात लांबट पुडी बांधून निखाऱ्यावर धरतात. पान करपतं, आत मऊ, तिखट, धुरकट वडी. मी तीन मागवल्या आणि मग सहा. ताइपिंगमध्ये याच्या तोडीचं काही नाही, हे चेंदोलचा पक्षपाती म्हणून सांगतो. शिवाय पारित जावाची आसाम पेडास, चिंचेच्या आंबट-तिखट कालवणातला मासा. मालवणी माणसाला भात मागवावाच लागतो. 'मी बांडुंग' या नूडल्सचंही नाव फार आहे, पण त्या रश्श्यात बहुधा गोमांस असतं, म्हणून मी सोडली.

शाकाहारी असाल तर

ताइपिंग, दुसरा विचार नको. तामिळ वस्ती चांगली आहे, केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं, रोटी चानाई डाळीबरोबर मिळते. मुआरला खरी मजाच मासे आणि मांसाची, शाकाहारी माणूस तिथे दोन दिवस दुसऱ्यांची ताटं बघत बसेल. दोन्हीकडे बौद्ध चिनी शाकाहारी खानावळी शोधा. ते कांदा-लसूणही टाळतात, जैन मंडळींना बरं, अंड्याचं तेवढं विचारा. आणि 'भाजी आहे' म्हटलं तरी 'बेलाचान नको' हे सांगायचंच. वाळवलेल्या कोलीमचा हा गोळा हिरव्या पालेभाजीतही जातो.

मग कुठे?

ताइपिंगला गेलात तर दोन रात्री, मुआरला गेलात तर एक. उलट करू नका. मुआरला दुसऱ्या दिवशी दुपारी करायला काही उरत नाही आणि ताइपिंग एका रात्रीत उरकलं तर क्वाला सेपेतांग हुकतं. लहान मुलं किंवा वडीलधारे बरोबर असतील तर ताइपिंग. बाग आहे, प्राणिसंग्रहालय आहे, रात्रीची सफारी आहे. चार मित्र निघालात, सगळे मासे खाणारे, आणि मलाक्काला जाणारच आहात, तर मुआर. मलाक्कात गर्दीत दुसरी रात्र काढण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

मलाही एकच निवडायला सांगितलं तर ताइपिंग, आणि तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. शनिवार-रविवारच्या ईटीएसची तिकिटं आधीच संपतात. जोहोरबद्दल जुन्या माहितीत शुक्रवार-शनिवार सुट्टी लिहिलेली आढळेल. जानेवारी 2025 पासून तिथेही शनिवार-रविवारच आहे. आणि रमजानचा महिना बघून घ्या. त्या दिवसांत मलय टपऱ्या दिवसभर बंद असतात, म्हणजे मुआरची सकाळची साते गेली. संध्याकाळी मात्र रमजानचा बाजार भरतो. चारनंतर जा, भूक ठेवून जा.